आईच्या वहीतले बेड नंबर

आमच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणी प्रभूकडे गेलं की उपासनेत त्या माणसाचं जीवनवृत्त वाचतात. जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं, शेवटचं आजारपण, देवाज्ञा, असा त्याचा ठरलेला क्रम असतो, आणि लहानपणापासून इतक्या मातींना गेलेय मी की तो क्रम मला पाठच आहे. आई २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेली तेव्हा पाळक साहेब म्हणाले की आज आपण चार ओळींचं वाचू, पाहुणे लांबून आलेत, पाऊसही आहे, पण महिन्याभराने स्मरण उपासना ठेवू तेव्हा नीट, सविस्तर लिहून आणा, सिस्टरांचं आयुष्य चार ओळींत बसणारं नाही. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि दादाने आधीच सांगून टाकलं की मी फोन करतो, गाडी चालवतो, कागदं शोधतो, पण लिहायचं तूच.

तर त्या महिन्याभरात काय काय झालं ते लिहितेय. आपली आई नेमकी कोण होती हे मला त्या लिहिण्यातूनच जास्त कळलं, त्याआधी मी तिला फक्त आई म्हणून ओळखत होते, आणि ते कमी नव्हतं, पण अर्धंच होतं.

पहिल्याच ओळीला अडलं. जन्मतारीख. तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५१. आता हे सगळ्यांना माहीत आहे, त्या काळातल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली तारीख. आईची सगळी सर्व्हिस त्या तारखेवर झाली, रिटायर पण ती त्याच हिशोबाने झाली, २००९ च्या मेअखेर, अठ्ठावन्न पूर्ण. पण आजी कायम म्हणायची की ही संक्रांतीच्या आसपासची. मग दादा आणि मी नेवासा तालुक्यातल्या तिच्या गावी गेलो, तिथल्या छोट्या देवळात बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर आहे, पंचांनी कपाटातून काढून दिलं, पानं अगदी पिवळी पडलेली पण शाई ठळक. त्यात तिचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १९५१ मधला, आणि शेजारच्या रकान्यात जन्म जानेवारीचा. म्हणजे शाळेच्या हिशोबाने तिचा बाप्तिस्मा तिच्या जन्माच्या आधी झाला होता! दादा म्हणाला आता दोन्ही लिहायच्या का, मी म्हटलं नाही, रजिस्टरवाली लिहायची, ती तिच्या आईने सांगून लिहून घेतलेली आहे.

आमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आईने जुनी अकरावी मॅट्रिक केली आणि १९६९ ला मिरजेला नर्सिंगला गेली. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल म्हणजे तेव्हा आमच्या लोकांसाठी केवढं मोठं नाव, डॉक्टर वॉनलेसनी १८९४ साली सुरू केलेलं, अर्धा कर्नाटक आणि अख्खा दक्षिण महाराष्ट्र तिथे उपचाराला यायचा. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी, घराबाहेर कधी एकटी राहिली नाही, आणि वॉर्डात पेशंट कानडी बोलणारे. मोडकंतोडकं कानडी ती तिथेच शिकली, आम्हाला लहानपणी ताप आला की ती कधीकधी कानडीत काहीतरी पुटपुटायची. त्याचा अर्थ आम्ही कधी विचारला नाही. आता मिरजेच्या मावशींना विचारला तर त्या म्हणाल्या, अगं तेच, "दुखतंय का, थोडंसंच राहिलंय", हेच आम्ही दिवसभर म्हणायचो.

(मावशी म्हणजे सख्ख्या नाहीत. तिच्या बॅचच्या सगळ्या आमच्या मावश्या.)

१९७२ च्या दुष्काळात आई ट्रेनिंगलाच होती. गावी विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची जिची भाकरी कुणाला आवडायची नाही पण खावी लागायची, आणि ही तिथे स्टायपेंडच्या थोडक्या पैशातून मनीऑर्डर पाठवत होती. मनीऑर्डरच्या पावत्या आम्हाला तिच्या पेटीत सापडल्या, सुतळीने बांधून ठेवलेल्या. मी त्या जीवनवृत्तात घातल्या नाहीत, कारण धाकट्या मामांनी फोनवर सांगितलं की त्या पैशांवर माझी वह्यापुस्तकं झाली, आणि मग ते बराच वेळ बोललेच नाहीत, तेव्हा मला वाटलं की हे त्यांनी स्वतः उपासनेत उठून सांगावं. त्यांनी सांगितलं पण.

पेटीबद्दल सांगते. निळी लोखंडी पेटी, पलंगाखाली, मिरजेला जाताना घेतलेली. वर साड्या, खाली ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळलेली कॅप, नर्सिंग स्कूलची पिन, युनिफॉर्मला लावायचं सेकंद काट्याचं घड्याळ, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट, खिशात मावेल एवढा नवा करार ज्याचं कव्हर जाऊन तिने चिकटपट्टी लावलेली. आणि सगळ्यात खाली लहान लहान वह्या. काही विकतच्या, काही हॉस्पिटलच्या जुन्या टेम्परेचर चार्टच्या कोऱ्या पाठी कापून दोऱ्याने शिवलेल्या. मला आधी वाटलं ड्यूटीच्या नोंदी असतील, कारण सगळीकडे बेड नंबर. "बे. ७ – पाय. झोप नाही." "बे. १२ – नवरा येत नाही." "बे. ३ – बाळ ओढत नाही." "बे. ९ – उद्या ऑपरेशन, घाबरलेत." नाव एकही नाही. काहींच्या पुढे नंतर दुसऱ्या पेनने "घरी" लिहिलेलं, काहींच्या पुढे "गेले" आणि त्याला लागून "स्तो. २३", म्हणजे बायबलमधलं तेविसावं स्तोत्र.

दादाने दोन वह्या चाळल्या आणि म्हणाला, ड्यूटीच्या नोंदीत "नवरा येत नाही" कोण लिहितं गं?

सोलापूरच्या मावशींना फोन लावला. त्या आईबरोबर कित्येक वर्षं नगरकडच्या हॉस्पिटलात होत्या, एकाच क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत. त्यांना मी दोन ओळी वाचून दाखवल्या तर लगेच ओळखलं. म्हणाल्या, नाइटला पहाटेचे पाच म्हणजे सकाळची कामं सुरू व्हायच्या आधीची वेळ, साडेपाचपासून मग स्पंजिंग, टेम्परेचर, बेड लावणं, इंजेक्शनं, श्वास घ्यायला पण फुरसत नाही. त्या पाच वाजता तुझी आई ड्यूटी रूममध्ये ती वही घेऊन बसायची, दहा मिनिटं, कधी पाचच मिनिटं. एकेक बेड घ्यायची. आम्हाला ती म्हणायची की सकाळी आठला डे ड्यूटीच्या सिस्टरला चार्ज द्यायचाच आहे, त्याआधी देवाला देऊन घेते.

हे ऐकल्यावर मी तोपर्यंत लिहिलेला मसुदा बाजूला ठेवला. त्यात "विश्वासू प्रार्थनाशील भगिनी", "निःस्वार्थ सेवा", "प्रेमळ माता" असले शब्द होते, जे सगळ्यांच्याच जीवनवृत्तात असतात आणि खोटे नसतात. पण आईची प्रार्थना कशी होती तर ती बेड नंबर सात, पाय, झोप नाही, अशी होती. तिची देवभक्ती आणि तिची ड्यूटी हे दोन वेगवेगळे परिच्छेद करायचे म्हटलं तर करताच येत नव्हते. मी तिच्या जवळच्या माणसांना एवढंच विचारायचं ठरवलं की ती काय *करायची* ते सांगा, कशी होती ते सांगू नका.

मग जे मिळालं ते फार मोठं होतं, सगळं इथे लिहित नाही, थोडं लिहिते.

एक केरळच्या सिस्टर आहेत, आईपेक्षा ज्युनिअर, आता निवृत्त होऊन पुण्यात मुलाकडे असतात, मराठी अस्सल नगरी बोलतात. त्यांनी सांगितलं की त्या काळी डिस्पोजेबल काही नव्हतं. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुया दगडावर घासून धार लावायची, रबराचे ग्लोव्हज धुवायचे, पाणी भरून भोक आहे का बघायचं, वाळवायचे, पावडर लावून जोड्या करून ड्रममध्ये भरायचे. हे काम कंटाळवाणं म्हणून सगळे ज्युनिअरवर ढकलायचे. आई सिनिअर झाल्यावरही नाइटला स्वतः सुयांची टोकं कापसावरून फिरवून बघायची, कापूस अडकला की ती सुई बाजूला. कुणी म्हणालं सिस्टर एवढं कशाला, तर म्हणायची, ती सुई सकाळी कुठल्यातरी पोराच्या दंडात जाणार आहे. टीबीच्या पेशंटला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं महिनोन्महिने घ्यावी लागायची, त्यांच्या कमरेला जागा उरायची नाही, अशा वेळी बोथट सुई म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. आई एक दिवस डावी एक दिवस उजवी बाजू असं प्रत्येकाचं लक्षात ठेवायची.

त्याच सिस्टरांनी सांगितलं की बेवारस पेशंट गेला तर त्याचं शेवटचं सगळं आई स्वतः करायची. डोळे मिटवणं, हनुवटीला पट्टी बांधणं, हातपाय सरळ करणं, अंग पुसणं, हे लवकर करावं लागतं, नंतर शरीर ताठरतं. वॉर्डबॉयला ती एकट्याला करू द्यायची नाही. आणि पुसताना त्या माणसाशी बोलायची, आता कूस बदलते हं बाबा, पाणी कोमट आहे हं. केरळच्या सिस्टर तेव्हा नव्या होत्या, त्यांनी भीत भीत विचारलं की ऐकू येतं का यांना. आई म्हणाली, मला माहीत नाही, पण ज्याने यांना बनवलं तो ऐकतोय.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं, पण आई गेली त्या संध्याकाळी मी ते डोळ्यांनी पाहिलंच होतं. आई घरीच गेली, दिवेलागणीला. तासाभरात तिच्या ज्युनिअर आल्या, तिघी, त्यातल्या दोघी स्वतः साठीच्या पुढच्या, कुणी बोलावलं नव्हतं, पाळकीण बाईंकडून कळलं आणि रिक्षा करून आल्या. आम्हाला म्हणाल्या तुम्ही जरा बाहेर थांबा, गरम पाणी आणि धुतलेलं जुनं सुती कापड द्या. मग दार किलकिलं करून मला आत घेतलं, पाण्याचं भांडं धरायला. त्या आईशी बोलत होत्या, सिस्टर आता कूस बदलतोय हं. कुशीवर घेतल्यावर मोठ्या सिस्टर थांबल्या, आईच्या पाठीवरून, कमरेच्या हाडावरून, टाचांवरून बोटं फिरवली, आणि बाकीच्या दोघींना म्हणाल्या, बघा गं, वर्षभर अंथरुणात होत्या, एक डाग नाही.

ते वाक्य मी जीवनवृत्तात घातलंय, जसंच्या तसं. त्याचं कारण सांगायला पाहिजे. आईला आदल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू पूर्ण गेली, बोलणं जड झालं पण डोकं स्वच्छ. दवाखान्यातून घरी आणलं त्या पहिल्या दिवशीच तिने मला आणि वहिनीला शिकवलं. दर दोन तासांनी कूस. घड्याळ समोरच्या भिंतीवर लावायला सांगितलं. चादरीला एक सुरकुती नको. टाचा गादीला टेकता कामा नयेत, पोटरीखाली उशी. पाठ रोज बघायची, लाल दिसलं तर दाबून बघायचं, दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर वेळ आहे, पांढरं होतच नसेल तर उशीर व्हायला लागलाय. तिच्या काळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायचे, पण तीच म्हणाली की आता हाडावर चोळायचं नाही सांगतात, आतली कातडी खराब होते, ते करू नका. रिटायर होऊन एवढी वर्षं झाल्यावर पण नवीन काय सांगतात ते तिला माहीत होतं. रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या, दादा, वहिनी, मी, सुट्टीत माझा मुलगा पण. रात्री दोनला उठवलं की ती जागीच असायची बहुतेक, ओठ हलत असायचे, आणि कूस बदलून झाली की उजव्या हाताने आमचा हात धरून म्हणायची "जा, झोप आता", जणू आम्हीच तिचे पेशंट.

आई म्हणून ती कशी होती हे लिहिणं मला सगळ्यात अवघड गेलं.

पप्पा एसटीत होते, आमच्या लहानपणी मुक्कामी गाड्या असायच्या त्यांना. आई शिफ्टला. आमच्याजवळ आजी. आईची नाइट असली की सकाळी साडेआठला ती मागच्या दाराने यायची, पुढच्या दाराने कधीच नाही. मागे बंब तापवलेला असायचा, मोठी बादली असायची, युनिफॉर्म त्यात, आंघोळ, आणि मग आम्हाला जवळ घ्यायची. त्याआधी आम्ही धावत गेलो तरी हात वर करून "थांबा, थांबा" म्हणायची. शाळेला जायची घाई आणि आई आंघोळीला, ते थांबणं मला तेव्हा खूप लांब वाटायचं. शाळेत इतरांच्या आया डबा द्यायला यायच्या, माझी कधी आली नाही. पण माझी वेणी कायम तिने घातलेली असायची, नाइटहून येऊन, डोळे लाल झालेले, आणि वेणी घालता घालता दिवसाचं वचन पाठ करून घ्यायची. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे मी अक्षरं ओळखायच्या आधी पाठ केलंय, डोक्यावर कंगवा फिरत असताना.

रविवारी नाइट संपवून ती थेट देवळात यायची. युनिफॉर्म बदलून, पण झोप न घेता, स्त्रियांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायची म्हणजे कुणाला बाळंतपणाला बोलवायला यायचं झालं तर पटकन उठून जाता यावं. तसं बोलावणं कितीदा आलंय. पाळक साहेबांचा उपदेश चालू आणि दारात कुणीतरी धापा टाकत उभं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तेव्हा सुईण नाळ कापायला विळा घ्यायची नाहीतर सापडेल ते ब्लेड, वर शेण नाहीतर राख, आणि मग थोड्याच दिवसांत बाळ धनुर्वाताने जायचं. आईने त्या सुईणींशी कधी भांडण केलं नाही. त्यांना घरी बोलवायची, चहा द्यायची, नवं ब्लेड कसं उकळायचं, दोरा कसा उकळायचा ते चुलीवर करून दाखवायची, बाईला धनुर्वाताची सुई घ्यायला आधीच का पाठवायचं ते सांगायची. जुलाबाच्या दिवसांत घराघरात साखर-मिठाचं पाणी शिकवत फिरायची, लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला हे माप पाढ्यांसारखं येत होतं.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. रेडिओवर आकडे वाढत होते, पुढे कळलं की दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. हॉस्पिटलची जीप निघाली त्यात आई होती. मी सहावीत होते, दादा आठवीत, माझी सहामाही तोंडावर, आणि मला आठवतं मी तिचा पदर धरून ठेवला होता. ती खाली बसली, माझ्या उंचीला आली, म्हणाली, "तुझ्याजवळ आजी आहे. तिथे ज्यांची आजी पण भिंतीखाली गेली त्यांच्याजवळ कुणी नाहीये. मी जाऊन येते." आणि गेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवून गेली, कुणाला कधी काय द्यायचं, माझ्या खोकल्याचं औषध किती चमचे, परीक्षेला जाताना कुठलं वचन म्हणायचं.

परत आल्यावर ती तिथलं काही बोलली नाही. कधीच नाही. आता त्या वर्षीची वही उघडली तर त्या दिवसांच्या पानांवर बेड नंबर नाहीत, कारण बेडच नव्हते. लिहिलंय, "झाडाखाली – म्हातारी, कंबर." "ट्रॉली – मुलगा, उजवा हात. आई शोधतोय." "शाळेची पायरी – बाई, रडत नाही." आणि एका ओळीत, बाकीच्या ओळींसारखंच, "घरी – दोघं, आजी. धाकटीचा खोकला." आम्ही पण त्याच यादीत होतो, तेवढ्याच अक्षरात. मी ती वही दादाकडे दिली आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

तिच्या विश्वासाबद्दल अजून एक. वॉर्डात तिने कुणाला उपदेश केल्याचं एकाही मावशीला आठवत नाही. कुणी विचारलं तर सांगायची, प्रार्थना करा म्हणाले तर करायची. नेवाशाची असल्यामुळे, म्हणजे जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या मातीतली, वारकरी माणसं तिला परकी नव्हतीच. एक म्हातारे माळकरी शेवटच्या दिवसांत हरिपाठ म्हणायचे आणि मध्येच ओळ विसरायचे, तर आई त्यांचं ड्रेसिंग करता करता पुढची ओळ सांगायची. सोलापूरच्या मावशी म्हणाल्या आम्ही चकित व्हायचो. पण मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या देवळात नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर म्हणतात, ते टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे, आणि आईच्या कानात दोन्हीकडचे अभंग लहानपणापासून होते.

लिहायला बसले तेव्हा घरात एकच मोठी चर्चा झाली, वहीतलं वाचायचं की नाही यावर. वहिनीचं म्हणणं, वाचलंच पाहिजे, त्यात त्या आहेत. दादाचं म्हणणं, आई आयुष्यभर "वॉर्डातलं वॉर्डात" म्हणत आली, शेजारणीने विचारलं अमकीला काय झालंय तर "बऱ्या आहेत" एवढंच सांगायची, मग तिच्याच उपासनेत आपण कुणाचं दुखणं चव्हाट्यावर का मांडायचं, गावात लोक ओळखतील. दादाचं पटलं. मधला रस्ता पाळक साहेबांनी काढला, की दुखणं वाचू नका, वर्ष वाचू नका, फक्त बेड नंबर आणि पुढचा शब्द वाचा, "घरी" किंवा "गेले". तसंच केलं. इथे वर ज्या ओळी दिल्यात त्या अशाच निवडल्यात की कुणाला ओळखता येणार नाही, आणि नंबर पण मी बदललेत.

मसुदा पाच-सहा पानांचा झाला होता, पाळक साहेबांनी दहा मिनिटं दिली होती. मोठ्याने वाचून वेळ लावला, खूप काही काढलं. तिचे पुरस्कार काढले, कमिट्या काढल्या, महिला मंडळाच्या खजिनदारकीची वर्षं एका ओळीत बसवली. सुया ठेवल्या, ग्लोव्हज ठेवले, मागचं दार ठेवलं, किल्लारी ठेवलं, पाठीवर एक डाग नाही ते ठेवलं.

स्मरण उपासनेला देऊळ भरलं. आमच्या मंडळीपेक्षा बाहेरचे लोक जास्त होते, हिंदू, मुसलमान, आसपासच्या वस्तीवरच्या बाया पोरांना घेऊन आलेल्या, त्यांना कुणी कळवलं ते मला अजून माहीत नाही. मी वाचलं. बेड नंबर वाचताना मी सावकाश वाचत होते, बेड सात, घरी, बेड बारा, घरी, बेड तीन, गेले, आणि मधल्या रांगेतून हळूहळू आवाज यायला लागला, प्रत्येक नंबराला कुणीतरी "आमेन" म्हणत होतं, आधी आमचेच लोक, मग सगळेच, ज्यांना आमेन म्हणायची सवय नाही ते पण. नंतर साक्षीसाठी वेळ ठेवला होता. धाकटे मामा उठले. मग एक चाळिशीतला माणूस उठला, म्हणाला मला सिस्टर आठवत नाहीत, मी एक दिवसाचा होतो, आई सांगायची की मी दूध ओढत नव्हतो आणि सिस्टरांनी मला रात्रभर वाटी-चमच्याने थेंब थेंब आईचंच दूध पाजलं, आणि आईच्या छातीशी उघडं बांधून ठेवलं ऊब राहायला. मग तो बसला. मग प्रीतिभोजन झालं, मंडळीच्या बायांनी पहाटेपासून केलेलं.

वह्यांचं असं ठरलंय की त्या दादाकडे राहतील, कपाटात, बाहेर कुणाला द्यायच्या नाहीत. कॅप आणि पिन माझ्या भाचीला दिली, ती यंदा बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आता त्यांना कॅप नसते, तरी तिने मागून घेतली. घड्याळ तिलाच देणार होतो पण ते बंद आहे, दुरुस्तीला टाकलंय.

राहिला कबरीचा दगड. पावसाळ्यात माती बसू द्यावी लागते, त्यामुळे घाई केली नाही. दगडवाला अक्षरावर पैसे घेतो. दादाला पौलाचं ते वचन हवं होतं, "मी धाव संपवली आहे, मी विश्वास राखला आहे", आणि मला मत्तय २५ मधलं, आजाऱ्याच्या समाचाराला येण्याचं. शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं, दादाचं पूर्ण आणि माझ्याचा फक्त अध्याय आणि ओवी. वर तिचं नाव, नावाच्या आधी "सिस्टर", जन्म जानेवारी १९५१. मावशी म्हणाल्या मिरज पण घाला, तर ते पण घालतोय. ईस्टरच्या आधी बसवून हवंय असं सांगितलंय, दादा या शनिवारी ॲडव्हान्स देऊन येईल.